राजवाडा, पॉइंट आणि नागलीची भाकरी

एखादे जुने शहर 'पाहणे' म्हणजे नेमके काय करणे, याची एक ठरावीक रीत मराठी प्रवासवर्णनांनी वाचकाला लावून दिली आहे. युरोपातील शहरांच्या वर्णनात ती विशेष ठळक दिसते. आधी चर्च आणि राजवाडा, मग संग्रहालय, मग नदीवरचा पूल, आणि या सर्वांच्या मध्ये कुठेतरी जेवणाची फजिती. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) ही रीत घरोघरी पोहोचवली, पण तिची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोप पाहण्यास गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स येथे, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी वारले. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट याने संपादित करून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले, तेथे स्मारक उभे राहिले, आणि शहर पाहण्यास गेलेला पाहुणा त्या शहरातील एक प्रेक्षणीय स्थळ होऊन बसला. पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हे नाते असे कधीही उलटू शकते.

युरोपावर घासून तयार झालेली ही पाहण्याची रीत आपण आपल्याकडच्या जुन्या राजधान्यांना लावतो, तेव्हा काय दिसते आणि काय दिसेनासे होते, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही जव्हार निवडले आहे, आणि त्याच्या शेजारचा मोखाडा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील हे दोन डोंगराळ तालुके. जव्हारला कौतुकाने 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' म्हटले जाई. जिल्हा बदलला तरी उपमा बदललेली नाही. एखाद्या स्थळाची ओळख दुसऱ्या स्थळाच्या नावाने करून द्यावी लागते, तेव्हा त्याचे स्वतःचे असे काहीतरी झाकले गेलेले असते.

जव्हार ही महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याची राजधानी. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल. मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याचा पुत्र नेमशाह याला दिल्लीच्या सुलतानाने ५ जून १३४३ रोजी राजा ही पदवी दिली आणि त्या दिवसापासून संस्थानाने आपली स्वतंत्र कालगणना सुरू केली. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला या सनावळीहून मोलाची वाटावी, ती संस्थापनेची कथा. जयबाने म्हणे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. ती देऊ केल्यावर त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक जोडल्या आणि त्यांनी वेढलेला सारा मुलूख आपला म्हणून घेतला. व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या पहिल्या सर्गात कार्थेजच्या स्थापनेसंबंधी हीच युक्ती डिडो राणीच्या नावे येते. इंग्रज गॅझेटियरकारांच्या नजरेतून हे साम्य सुटले नाही. त्यांनी जव्हारची कथा नोंदवताना डिडोचे नाव घेतले आणि सह्याद्रीतले एक लहानसे संस्थान लॅटिन शिकलेल्या वाचकाच्या ओळखीचे करून टाकले.

त्याच नोंदीत आणखी एक वाक्य आहे, आणि त्याकडे सहसा कोणी थांबत नाही. दक्षिणेवरील पहिल्या मुसलमानी स्वारीपर्यंत, म्हणजे १२९४ पर्यंत, जव्हार एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होते, असे ते वाक्य सांगते. म्हणजे जमीन मागणाऱ्याचे चातुर्य कथेने सांभाळून ठेवले. देणाऱ्याचे नावसुद्धा ठेवले नाही. कार्थेजच्या कथेतही जमीन विकणारे असेच निनावी आहेत. अशा कथा ऐकताना आपण युक्तीला दाद देतो, आणि दाद देता देता कोणाच्या बाजूला उभे राहिलो, हे आपल्या लक्षात येत नाही.

गावाजवळच्या शिरपामाळाची कथा अधिक उजळ आहे. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना छत्रपती शिवाजी महाराजांनी या माळावर मुक्काम केला आणि राजा विक्रमशाहाने त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा आहे. महाराजांनी दिलेल्या मानाच्या शिरपेचावरून माळाला नाव पडले, असेही सांगतात. आज तेथे स्मारक आहे आणि पर्यटकांच्या यादीत ते वरच्या क्रमांकावर असते. मात्र आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले आणि विक्रमशाहाला राज्य सोडून जावे लागले. भेटीची जागा दाखवता येते, पराभवाची दाखवता येत नाही. स्थलदर्शनाला मुळातच आनंदाच्या प्रसंगांची ओढ असते.

'जयविलास' राजवाडा हा या दर्शनाचा कळस. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे (१९१७–१९७८) यांच्या कारकिर्दीत, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तो पुरा झाला. काजूच्या झाडांनी वेढलेल्या या दगडी वास्तूत युरोपीय अभिजात वळणाचे खांब आणि भारतीय धाटणीचे घुमट एकत्र नांदतात. कोल्हापूरच्या राजाने युरोपात जाऊन राजवाडे पाहिले. सत्तर वर्षांनी जव्हारच्या राजाने युरोपाची एक छटा आपल्या डोंगरावर आणून ठेवली. महायुद्धात हवाई दलात सेवा केलेल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून गेलेल्या राजाची आधुनिक दृष्टी या वास्तूत पाहता येते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तेव्हा राजवाडा नवाच होता. राज्य सहाशे वर्षांचे, आणि त्याची सर्वांत देखणी निशाणी राज्याच्या अखेरच्या दशकातली, ही विसंगती पाहणाऱ्याच्या मनात क्वचितच येते.

राजवाड्यानंतर पाळी येते 'पॉइंटां'ची: हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट. हा शब्द महाबळेश्वर-माथेरानच्या इंग्रजी वसाहतींतून आला, जव्हार कधीच इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण नसतानाही. 'पॉइंट' हे पाहण्याच्या वस्तूचे नाव नसून पाहणाऱ्याने उभे राहण्याच्या जागेचे नाव आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कठड्यापाशी उभे राहावे, दरी पाहावी आणि परतावे. दरीत उतरण्याचे कारण नाही. दरीत पाडे असतात, पाड्यांवर माणसे असतात, आणि ती काय जेवतात हे कठड्यावरून दिसत नाही.

म्हणून आता जेवणाकडे वळू. युरोपातील जुन्या शहरात स्थानिक पक्वान्न हे चर्चइतकेच 'वारसा' मानले जाते. पाहुणा ते न खाता परतला तर त्याची सहल अपुरी ठरते. जव्हारला पाहुण्यासमोर बहुधा तेच ताट येते, जे त्याला मुंबई-नाशिकच्या रस्त्यावर कुठेही मिळाले असते. या डोंगराचे अन्न वेगळे आहे. नागलीची भाकरी आणि आंबील, वरईचा भात, उडदाची आमटी. पहिल्या पावसानंतर शेवळी, लोत, टाकळा, कंटोली, बांबूचे कोवळे कोंब. शेवळीची खाज मोडायला तिच्यात काकडाची फळे घालावी लागतात. कडूकंद तर थेट खाल्ला तर विषारी. तो चकत्या करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवावा लागतो. मोहाची फुले वेचून वाळवायची, बियांचे तेल काढायचे. ही पाककृतींची जंत्री वाटेल, पण वस्तुतः ती पिढ्यानपिढ्या प्राण पणाला लावून मिळवलेली विद्या आहे. कोणता कंद किती वेळ पाण्यात ठेवायचा, हे कोणीतरी कधीतरी चुकून शिकले असणार.

त्या विद्येमागे चवीइतकीच टंचाईही आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि नवे पीक अजून शेतात उभे असते, त्या महिन्यांसाठी काढलेल्या उसनवारीला येथे 'खावटी' असा स्वतंत्र शब्द आहे. सावकाराच्या खावटीची फेड धान्याने आणि अंगमेहनतीने होई. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या वेठबिगारीचा आणि १९४५ नंतरच्या उठावाचा वृत्तान्त गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात दिला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अभ्यासक्रमात आपण ते आत्मकथन किंवा चळवळीचे साहित्य म्हणून शिकवतो. आमच्या मते ते या मुलुखाचे प्रवासवर्णन म्हणूनही वाचावे. त्यातली बाई पाहुणी म्हणूनच येते, पण कठड्याशी थांबत नाही, पाड्यावर उतरते.

१९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने मुले दगावली आणि या तालुक्याचे नाव पर्यटनाखेरीज वेगळ्या कारणाने महाराष्ट्राला कळले. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी तीच बातमी पुन्हा वाचायला लावली. दरम्यान २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना सुरू झाली होती. अंगणवाडीत वाढलेले ते ताट हेही या प्रदेशाच्या भोजनाच्या इतिहासातले एक पान आहे. दुसरे पान पाण्याचे. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये मोखाड्यातील कोचाळे येथे पूर्ण झाले, आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईहून निघालेला पर्यटक येथे पोहोचण्यापूर्वीच येथले पाणी प्यालेला असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या मुलुखाला केवळ उपासमारीच्या चौकटीत बसवणे हाही एक 'पॉइंट'च. फक्त कठडा बदललेला. मोखाड्याच्या गावांत बोहाड्याच्या रात्री देवदेवतांचे मुखवटे चढवून, संबळ-पिपाणीच्या तालावर सोंगे निघतात. तेव्हा नाचणारे आणि पाहणारे दोन्ही गावचेच असतात, आणि बाहेरच्या पाहुण्याची कोणाला गरज भासत नाही. लग्नघराच्या भिंतीवर काढलेला वारली चौकही मुळात परक्याने पाहावा म्हणून काढलेला नसतो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हशे (निधन २०१८) यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. युरोपातील त्या जुन्या शहराला वारल्यांची रेघ पाहण्यास थांबावे लागले. फ्लॉरेन्सच्या स्मारकाप्रमाणे येथेही पाहण्याचे नाते उलटले, पण या वेळी राजाशिवाय.

अलीकडे शहरांतून रानभाज्यांचे महोत्सव भरतात, नागलीला 'पौष्टिक तृणधान्य' म्हणून मान मिळतो, आणि जव्हारच्या पाहुण्यालाही हळूहळू नागलीची भाकरी आग्रहाने वाढली जाऊ लागली आहे. याचे स्वागतच केले पाहिजे. वाढणाऱ्या बाईच्या हाती त्यातून चार पैसे येत असतील तर अधिकच. आमचा आग्रह एवढाच की, त्या भाकरीबरोबर खावटी हा शब्दही पाहुण्याच्या कानी पडावा. राजवाड्याची माहिती देणाऱ्याने कातड्याची गोष्ट सांगताना त्या वारली प्रमुखाचाही उल्लेख करावा. आणि आमच्यासारख्या साहित्य शिकवणाऱ्यांनी प्रवासवर्णनाचा तास घेताना विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारावा: लेखकाने या गावात काय पाहिले हे तुम्ही सांगितलेत, आता तो जेवला ते कोणी पिकवले, कोणी रांधले आणि त्यांच्या घरी त्या दिवशी काय शिजले होते, ते या पानांत कुठे सापडते का पाहा.