छापखाना कोणाच्या हातात

पुण्याच्या राजकीय पत्रकारितेचा इतिहास आपण बहुधा शिक्षांच्या क्रमाने सांगतो. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस, १८९७ ची टिळकांची दीड वर्षांची शिक्षा, १९०८ ची मंडालेची सहा वर्षे. हे धैर्य खरे होते आणि त्यापुढे मान लवते. पण पत्र केवळ संपादकाच्या छातीवर उभे राहते असे मानले, तर कोणती पत्रे टिकली आणि कोणती बंद पडली याचा उलगडा होत नाही. तो शोधायचा तर छापखाना, वर्गणी आणि कर्ज यांच्याकडे वळावे लागते.

सरकारला ही नस आधीच सापडली होती. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या मजकुरावर मुद्रकाचे नाव देणे सक्तीचे केले. १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतल्या पत्रांचे मुद्रक आणि प्रकाशक यांच्याकडून हमीपत्र लिहून घेण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला. इंग्रजी पत्रांना त्यातून वगळले. म्हणजे लिहिणाऱ्याआधी छापणाऱ्याचा गळा धरायचा. हा कायदा अमलात असतानाच, जानेवारी १८८१ मध्ये, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी या मंडळींनी केशव बल्लाळ साठे यांचा छापखाना हप्त्यांनी विकत घेऊन आर्यभूषण उभा केला, हे म्हणूनच मला त्यांच्या पहिल्या अग्रलेखाइतके महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याच्या छापखान्यात छापणाऱ्याला मालकाच्या भीतीचाही विचार करावा लागतो. ही भीती निराधार नव्हती: १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. ते निर्दोष सुटले, पण मजकूर जुळवून छापणाऱ्यालाही कोर्टाची पायरी चढावी लागते हे पुण्यातल्या प्रत्येक छापखान्याला कळले.

मालकी सामाईक असली की मतांनाही मर्यादा पडते. सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी पटेनासे झाल्यावर आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी गोखल्यांना बरोबर घेऊन ‘सुधारक’ काढला. पुढे भागीदारी मोडली तेव्हा टिळकांच्या वाट्याला दोन्ही पत्रे आली, ती कर्जासकट. ते कर्ज अंगावर घेतले म्हणूनच ‘केसरी’ त्यांच्या मताने चालू शकला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही १९०८ मध्येच शिक्षा झाली, आणि १९१० च्या कायद्याखाली जामीन मागितला गेल्यावर ‘काळ’ बंद पडला. ‘केसरी’ मात्र चालत राहिला, तो नरसिंह चिंतामण केळकरांनी भाषा मवाळ केल्यामुळे. मग छापखान्याचे श्रेय कसले? केळकरांचा सूर सौम्य होता हे मान्य. पण ‘काळ’ एकट्या शिवरामपंतांच्या लेखणीवर उभा होता, तर संपादक ब्रह्मदेशात असताना ‘केसरी’मागे छापखाना, कचेरी आणि वर्गणीदार असा सगळा पसारा होता. जपण्यासारखे काही असले की माणूस सावध होतो, हेही तितकेच खरे. मालकी पत्राला तगवते आणि त्याच वेळी त्याचा आवाज आवळते; या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: स्वतंत्र म्हणजे कोणासाठी? ‘केसरी’च्या चार वर्षे आधी, १ जानेवारी १८७७ रोजी, कृष्णराव भालेकरांनी पुण्यातच ‘दीनबंधु’ सुरू केले. सत्यशोधक विचारांचे हे पत्र शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे होते, पण ज्यांच्यासाठी ते लिहिले जाई त्यांच्यातल्या बहुतेकांना शाळेचा उंबरठा ओलांडता आलेला नव्हता. वर्गणी देणारा वाचक कोठून येणार? १८८० मध्ये ते पत्र मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. इथे कोणत्याही कायद्याने गळा दाबला नव्हता. शिक्षणाच्या विषमतेनेच ते काम केले. शिवाय स्वतःचा छापखाना असलेल्या स्वतंत्र पत्राला नकाराचीही सत्ता असते. १९२० मध्ये ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’ने नकार दिला, हे आंबेडकरांनीच पुढे नोंदवले. सरकारच्या बाबतीत निर्भय असणाऱ्या पत्राचा हा नकार मला अक्षम्य वाटतो, आणि माझ्या मुद्द्याला बळकटीच देतो: ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती ऐकू येण्याचा हक्क.

हे यंत्र आपल्या हाती घेणारेही पुढे निघाले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले, ते पुण्यात नव्हे तर नगर जिल्ह्यातल्या खेड्यात. छापखानाही तरवडीसारख्या गावातच थाटला, आणि तिथून हे साप्ताहिक अर्धशतकाहून अधिक काळ निघत राहिले.