तारकांचे शास्त्र आणि विद्यापीठाची पंगत

खगोलभौतिकीच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास आरंभीच एका समीकरणाची ओळख करून दिली जाते. त्यास ‘साहा समीकरण’ असे म्हणतात. ते मांडणाऱ्या डॉ. मेघनाद साहा यांना विद्यार्थिदशेत सहाध्यायांच्या पंगतीत बसू दिले जात नव्हते, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत.

साहा यांचा जन्म १८९३ साली ढाक्याजवळच्या एका खेड्यात, किराणा मालाच्या लहानशा दुकानदाराच्या घरी झाला. साहा समाज अस्पृश्य गणला जात नसे. तथापि बंगालच्या जातिव्यवस्थेत त्याचे स्थान इतके खालचे होते की, त्याच्याशी अन्नव्यवहार करणे उच्चवर्णीयांना निषिद्ध वाटे. १९११ मध्ये साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. ईडन हिंदू हॉस्टेलमधील काही सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासमवेत भोजनगृहात जेवण्यास हरकत घेतली आणि त्यांना वेगळे बसून जेवावे लागले. दिवसा विज्ञानाचे पाठ गिरविणारे हे तरुण जेवणाच्या वेळी धर्मशास्त्री होत! पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यापकांसाठी ठेवलेले पाणी पिण्यास सहकाऱ्यांनीच हरकत घेतली होती, हे वाचकांस ज्ञात आहेच. तेथे तर विद्यार्थी नव्हे, शिकविणारेच आडवे आले.

साहा १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाले. खगोलभौतिकी त्यांना कोणी शिकविली नव्हती. ॲग्नेस क्लार्क या लेखिकेचे सूर्य व ताऱ्यांवरील ग्रंथ वाचून त्यांना या विषयाची गोडी लागली आणि वर्गात उष्मागतिकी शिकविता शिकविता त्यांनी तिचा ताऱ्यांशी संबंध जोडला. ताऱ्याचा प्रकाश पृथक् केला असता वर्णपटात काळ्या रेषा दिसतात व प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. ज्याच्या रेषा ठळक, ते द्रव्य ताऱ्यात अधिक, अशी सर्वसाधारण समजूत होती. १९२० मध्ये साहांनी दाखवून दिले की, उष्णतेने अणूतील इलेक्ट्रॉन सुटून जातो आणि त्यामुळे अणूच्या रेषाच बदलतात. हे किती प्रमाणात घडेल ते तापमान व दाब यांवर अवलंबून असते. म्हणजे एखादी रेषा दिसत नाही एवढ्यावरून ते मूलद्रव्य ताऱ्यात नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

समीकरण कलकत्त्यात जन्मले. परंतु त्याचा कस लागावा असा वर्णपटांचा अफाट संग्रह अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत होता. ॲनी जंप कॅनन या विदुषीने तेथे सुमारे सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण केले होते. १९२३ मध्ये सिसिलिया पेन ही इंग्लंडची तरुणी त्या वेधशाळेत आली. केंब्रिजमध्ये तिने शिक्षण पूर्ण केले होते. पण ते विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवी देत नसे. साहा समीकरण त्या वर्णपटांना लावून तिने १९२५ च्या प्रबंधात असा निष्कर्ष काढला की, ताऱ्यांत हायड्रोजन व हेलियम यांचे प्रमाण इतर मूलद्रव्यांहून प्रचंड आहे. प्रिन्स्टनचे ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना हे अशक्य वाटले. त्यांच्या मताचा मान राखून, हे प्रमाण बहुधा खरे नसावे, असे तिला आपल्याच प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतंत्र मार्गाने त्याच निष्कर्षास पोहोचले. त्यांनी पेन यांच्या कार्याचा उल्लेख केला खरा, पण शोधाचे श्रेय दीर्घकाळ त्यांच्याच पदरी पडत राहिले. अधिकाराच्या शब्दापुढे पुरावा कसा दबतो, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

पेन यांची डॉक्टरेटही हार्वर्डच्या नावाने नव्हे, तर रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या नावाने झाली, कारण हार्वर्ड स्त्रियांना ती देत नसे. पुढे अनेक वर्षे त्या तेथे शिकवीत राहिल्या. विद्यार्थी त्यांच्या वर्गात बसत, परीक्षा देत; परंतु त्यांचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या छापील सूचीत १९४५ पर्यंत आले नाहीत. १९५६ मध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले आणि खगोलशास्त्र विभागाचे प्रमुखपदही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मेघनाद साहा यांचे दिल्लीत निधन झाले.