साखळी, खंडी आणि सूत : खानदेशातील मापांची सुसंगती

मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीतील साखळी ३३ फूट लांब असे आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर, आणि एक साखळी लांब पण एकच आणा रुंद पट्टी म्हणजे गुंठ्याचा एक आणा, असा हिशेब तीत आपोआप जुळे. एका मापातून दुसरे काढताना मधे कोणताही वेगळा गुणक घालावा लागू नये, यालाच एककांची सुसंगती म्हणतात. खानदेशात ही मोजणी आली तेव्हा, १८५२ साली, सावदा व एरंडोल परिसरात तिला उघड विरोध झाला. मात्र तो साखळीला नव्हता, तिच्यामागून येणाऱ्या सारावाढीच्या धास्तीपोटी होता. सातबाऱ्यावर पुढे हेक्टर-आर आले, तरी गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा आणि आर १०० चौरस मीटरांचा असल्याने बोलण्यात गुंठाच टिकला.

बाजारपेठेत अशी शिस्त नव्हती. धान्याची खंडी २० मणांची, तर कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडांच्या २८ मणांची असे. रुईचे भाव आजही याच, सुमारे ३५६ किलोंच्या, खंडीवर बोलले जातात. नाव एक आणि राशी दोन, हा घोटाळा व्यापारी अनुभवाने सांभाळत. लेखी हिशेबाला तो सांभाळता येत नाही.

वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा १९५६चा कायदा झाल्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. तरीही जळगाव-धुळ्याच्या बांधकामांवर वाळू ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने, येत राहिली आणि सळई सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, ओळखली जात राहिली : तीन सूत म्हणजे १० मिलिमीटर, चार सूत म्हणजे १२, पाच सूत म्हणजे १६, हे समीकरण काटेकोर नसले तरी कामापुरते पक्के आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकातही अशीच उलथापालथ झाली. १९६४च्या आवृत्तीतील ‘एम १५०’ हे मिश्रण दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो बळाच्या दाबशक्तीचे होते, आणि १९७८च्या आवृत्तीत एकक न्यूटन दर चौरस मिलिमीटर झाल्यावर तेच जवळजवळ ‘एम १५’ ठरले. जुने नकाशे वाचणाऱ्याला हे शून्य विसरून चालत नाही.

संरचनेचे संगणकीय विश्लेषण करणाऱ्या अनेक प्रणालींना, म्हणजे इमारतीची गणिती प्रतिकृती सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सूतही कळत नाही आणि मिलिमीटरही. त्यांच्यापुढे फक्त आकडे असतात, म्हणून साखळीत आपोआप जुळणारी सुसंगती येथे वापरणाऱ्यालाच राखावी लागते. न्यूटन, मिलिमीटर व सेकंद निवडले की वस्तुमानाचे एकक टनच ठरते, कारण एक टन वस्तुमानाला दर सेकंदवर्गास एक मिलिमीटर त्वरण देणारे बळ बरोबर एक न्यूटन असते. त्यामुळे पोलादाची घनता ७.८५ भागिले एक अब्ज, टन दर घनमिलिमीटर, अशी लिहावी लागते. तेथे सवयीने किलोग्रॅममधील आकडा घातला, तर पोलादी सांगाड्याचे वस्तुमान हजारपट होते आणि त्याचा आंदोलनकाल सुमारे ३२ पट वाढतो : अर्ध्या सेकंदात डोलणारा सांगाडा कागदावर जवळजवळ १६ सेकंद घेतो. भार थेट न्यूटनमध्ये दिलेला असेल, तर वाक मात्र अचूक येतो, कारण त्या गणितात घनतेला प्रवेशच नसतो, आणि चूक तपासणीतून निसटते ती येथेच.