खळ्यावरची ज्वारी

गोदाकाठचं आमचं गाव गेवराई तालुक्यातलं. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. आजी शेवटपर्यंत त्याला मोगलाईच म्हणायची. तिच्या लहानपणी, ऐन सुगीत, वाड्यावरच्या मालकाच्या खळ्यातून रातोरात ज्वारीची पोती गेली. सकाळी जमादार आला. वाड्यात कुणाला काही विचारलं नाही, खळंही पाहिलं नाही. थेट गावाबाहेर पारध्यांच्या पालांवर गेला आणि दोघा बाप्यांना आणून चावडीच्या खांबाला बांधलं. झडतीत एका पालातलं पिठाचं गाडगं मातीत उपडं केलं. दिवस मावळेपर्यंत ती पारधीण वरवरचं पीठ ओंजळीने वेचून पदरातून चाळत होती. पोरं रडत होती. आजीच्या आईने लपवून भाकरी नेऊन दिल्या.

पुढे कळलं, पोती मालकाच्याच पुतण्याने विकली होती. जुगाराचं देणं झालं होतं.

“मग त्याला बांधलं का गं?” मी विचारायचो.

“त्याला कशाला बांधत्याल, लेकरा? त्यो घरातला मामला झाला.”

हे सांगताना तिच्या आवाजात राग नसायचा, आणि मला ते फार लागायचं. इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

इंग्रजांनी तर या संशयाचा कायदाच केला होता, 1871 साली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीत जन्मला, एवढ्यावर माणसाची नोंद व्हायची, हजेरी लागायची, हद्द ओलांडायला पास लागायचा. सोलापूरला अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, होती. त्याच काळात कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन रानंच्या रानं गिळणारे सावकार होते. त्यांना कधी हजेरी लागली नाही. त्यांचा मामला दिवाणी. पोतंभर धान्याची चोरी म्हणजे फौजदारी आणि जन्मभराच्या जमिनीची चोरी म्हणजे दस्तऐवज, हा न्याय मला आजही पटत नाही.

तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. माणसं विमुक्त झाली. पण 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि संशयाची नजर तर कुठे हललीच नव्हती. 1998 साली बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलिस कोठडीत मेला. तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का राहिला होता, तो घटनाबाह्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ऑक्टोबर 2024 मध्ये, म्हणजे कायदा गेल्यावर बहात्तर वर्षांनी.

निकाल दिल्लीत लागतो, पालावर तो कुणीतरी पोचवावा लागतो. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. तुमच्या गावाशेजारी पाल पडलं असेल, तर एवढं तिथे जाऊन सांगा. आणि कुणाला उचलून नेलंच, तर त्याच्या बायकोबरोबर ठाण्यापर्यंत जा.