स्पार्टाकस : कादंबरीतला आणि इतिहासातला

हॉवर्ड फास्ट यांची 'स्पार्टाकस' (१९५१) वाचली की हा गुलाम आपल्या ओळखीचा वाटू लागतो. इतिहासात मात्र त्याचे स्वतःचे एकही वाक्य उरलेले नाही. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआतून सुमारे ७० ग्लॅडिएटर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या व सळया घेऊन पळाले. व्हेसूव्हियसवर कोंडी झाली, तेव्हा रानवेलींच्या शिड्या करून कड्यावरून उतरले. हे सांगतो प्लुटार्क, दीडशेहून अधिक वर्षांनी आणि गुलाम बाळगणाऱ्या समाजातूनच! गुलामांचे मन कादंबरीकाराला कल्पनेनेच रंगवावे लागते, आणि आम्हाला ते गैर वाटत नाही. पण १९६०च्या चित्रपटात स्पार्टाकस क्रुसावर मरतो. ॲपियनच्या मते इ.स.पू. ७१ मध्ये कापुआ ते रोम रस्त्यावर ६,००० कैद्यांना क्रुसावर चढवले; स्पार्टाकसचे प्रेत मात्र रणांगणात सापडलेच नाही.