जमिनीत मुरलेल्या तेलाचे काय होते?

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग उभी राहिली. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पोचला. कारखाना म्हटला की डिझेलची टाकी आली, वंगण आले, मालमोटारी आल्या आणि त्यांच्यासाठी पेट्रोल पंपही आले. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. टाकीला बारीक चीर पडली तर गळती दिसत नाही. शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला म्हणजे ती कळते. २०२१ साली सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात तेलवाहिनी फोडून चोरी करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा पेट्रोल जमिनीत मुरून विहिरींत उतरले होते.

पेट्रोलमधील बेंझीन कर्करोगकारक आहे. एक लिटर पाण्यात ते ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ ग्रॅम. एवढे बेंझीन किती लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकेल? वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. उत्तर नऊ लाखांच्या आसपास येते.

असे असूनही जगातली सारी भूमिगत गळती विहिरींपर्यंत पोचलेली नाही, कारण तेल खाणारे जीवाणू मातीत मुळातच असतात. मिथेनवर जगणारे जीवाणू सोंगेन या डच शास्त्रज्ञाने १९०६ साली वेगळे केले. १९४६ साली क्लॉड झोबेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हायड्रोकार्बने पचवणाऱ्या जवळजवळ शंभर जातींच्या जीवाणू, यीस्ट व बुरशींची नोंद केली. १९७२ साली अमेरिकेतील ॲम्ब्लर येथे पेट्रोलची वाहिनी गळली. तेथे रिचर्ड रेमंड यांनी बाहेरून जीवाणू आणले नाहीत. भूजलात हवा आणि नत्र-स्फुरद सोडून तिथल्याच जीवाणूंना बळ दिले. त्याच दशकात आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेल्या तेलभक्षक जीवाणूचा मात्र फार गाजावाजा झाला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पेटंट मान्य केले. कायद्याच्या इतिहासात त्या जीवाणूला मोठे स्थान आहे, पण जमिनीखालची सफाई त्याने केलेली नाही.

एक अडचण मात्र उरली होती. एक ग्रॅम बेंझीन पूर्णपणे जाळायला सुमारे तीन ग्रॅम प्राणवायू लागतो आणि लिटरभर पाण्यात तो जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो. तो संपला की पुढे काय?

याचे उत्तर एका अपघातातून मिळाले. २० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ तेलवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे उपसले गेले, तरी चार लाख लिटरच्या आसपास जमिनीत राहिले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८३ पासून ती जागा प्रयोगशाळेसारखी वापरली. सतरा वर्षांत भूजल ५०० मीटर पुढे गेले होते, पण विरघळलेल्या तेलद्रव्यांची आघाडी २०० मीटरवरच होती. १९८९ साली डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की प्राणवायू नसला तरी काही जीवाणू मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडचा उपयोग करून टोल्युइनसारखी द्रव्ये फोडतात. लोह संपलेल्या ठिकाणी मिथेन तयार होतो. यातून १९९९ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, सतत मोजमाप करण्याच्या अटीवर, नैसर्गिक विघटनाला एक उपाय म्हणून मान्यता दिली. तरीही बेमिजीचे तेल पुरते संपले नाही. शिवाय लोहाचे ऑक्साइड विरघळताना त्याला चिकटलेले आर्सेनिक पाण्यात सुटले, हेही तिथेच दिसले.

हा निष्कर्ष चाकणला जसाच्या तसा लागू करता येईल का? मला तसे वाटत नाही. बेमिजीला वाळू-रेतीची जमीन आहे. पाणी तिच्यातून संथपणे, सर्व बाजूंनी झिरपते. आपल्याकडे दख्खनचा काळा पाषाण आहे. वर थोडी माती, मग मुरूम, त्याखाली भेगाळलेला कातळ. कोणतीही जुनी विहीर वाकून पाहिली तर हे थर दिसतात आणि झरे भेगांतूनच फुटलेले आढळतात. मुरमात पाणी थांबते, जीवाणूंना वेळ मिळतो. भेगेतून मात्र ते वेगाने निघून जाते. कोणत्या विहिरीत जाईल हे वरून सांगता येत नाही. काळ्या पाषाणात लोह भरपूर असते हे खरे, पण ताज्या खडकातले लोह खनिजांत घट्ट बांधलेले असते. जीवाणूंच्या कामाचे लोह मुख्यतः झिजून तांबडे झालेल्या मुरमात.

त्यात आपला पावसाळा. पाण्याची पातळी चढते तेव्हा वर तरंगणारे तेल वर येते, उतरताना थराथरात माखून राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा थोडे विरघळते. म्हणून दिवाळीत घेतलेल्या नमुन्यात बेंझीन घटलेले दिसले तर लगेच हुरळून जाऊ नये. पावसाच्या पाण्याने ते नुसते पातळही झाले असेल. विघटन होत असेल तर तेलाच्या जागेजवळच्या पाण्यात प्राणवायू आणि नायट्रेट बाहेरच्या स्वच्छ विहिरीपेक्षा कमी, विरघळलेले लोह जास्त आणि पुष्कळदा मिथेनही सापडतो. नमुने वैशाखात आणि पावसाळ्यानंतर, असे दोन्ही वेळा, तेही काही वर्षे घ्यावे लागतात.