थिओराचं घराणं

२००१ च्या सप्टेंबरात ऑन२ या अमेरिकी कंपनीनं आपला व्हीपी३ हा व्हिडिओ कोडेक जगाला देऊन टाकला. कोडेक म्हणजे चित्रफीत आवळून लहान करणारा आणि पाहताना पुन्हा उलगडणारा प्रोग्राम. नुसता सोर्स कोड दिला असता तर त्याचा फारसा उपयोग नव्हता. कंपनीनं त्यावरची आपली पेटंटंही सर्वांना कायमची मोकळी केली, रॉयल्टी कधीच मागणार नाही असं लिहून दिलं. याला दातृत्व म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढच्या आवृत्त्या तिला विकायच्याच होत्या. पण आजच्या खुल्या व्हिडिओची वंशावळ मागे नेली की ती याच दानपत्रापाशी पोचते.

ऑडिओसाठी व्हॉर्बिस हा मोफत कोडेक तयार करणाऱ्या झिफ.ऑर्ग या संस्थेनं २००२ मध्ये व्हीपी३ दत्तक घेतला आणि ‘मॅक्स हेडरूम’ या टीव्ही मालिकेतल्या एका पात्रावरून त्याचं नाव थिओरा ठेवलं. आत डोकावलं तर जन्मखुणा दिसतात. बहुतेक कोडेक चित्र वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात, थिओरा खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडायचे, १६ ठोकळ्यांचा एक मोठा चौकोन करायचा आणि त्यातून सरळ ओळीनं न जाता हिल्बर्ट वक्राच्या वळणांनी फिरायचं. मागच्या चित्रातला कुठला तुकडा कुठे सरकला ते नोंदवायचं आणि उरलेला फरक तेवढा साठवायचा. बोलणाऱ्या माणसामागची भिंत दर चित्रात नव्यानं लिहीत बसायचं नाही. स्वयंसेवकांच्या भरवशावरचं काम, त्यामुळे १.० आवृत्तीला २००८ चा नोव्हेंबर उजाडला.

तोवर त्याच घरातला धाकटा व्हीपी६ भलतीकडेच नांदायला गेला होता. २००५ च्या फ्लॅश ८ या ब्राउझर-प्लगइनमध्ये त्याची वर्णी लागली. वेबवर व्हिडिओ म्हणजे फ्लॅश, असं समीकरण होण्याचा तो काळ. ब्राउझरला स्वतःला व्हिडिओतलं काही कळत नव्हतं. तो पानावर एक चौकट मोकळी सोडायचा आणि तिच्यात प्लगइनचा कारभार चालायचा.

फेब्रुवारी २००७ मध्ये ऑपेरा ब्राउझरच्या मंडळींनी सुचवलं, की चित्रासाठी जसा टॅग आहे तसा व्हिडिओसाठीही हवा. ऑपेराचे होकोन व्हियुम ली म्हणजे वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची मूळ कल्पना मांडणारे गृहस्थ; व्हिडिओचा फॉरमॅटही सर्वांना मोफत वापरता यावा असा त्यांचा आग्रह होता. टॅगवर फारसं कुणी भांडलं नाही. सगळं घोडं अडलं ते फॉरमॅटवर. एचटीएमएल५ च्या मसुद्यात ब्राउझरांनी थिओरा चालवावा अशी शिफारस होती. नोकिया आणि ॲपलनं हरकत घेतली आणि डिसेंबर २००७ मध्ये ती ओळ गेली. थिओरासाठी फोनमध्ये चिप नाही, आणि उद्या कुणी अज्ञात पेटंटवाला उगवला तर काय, असं ॲपलचं म्हणणं. उलट बाजूला एच.२६४ या पेटंटवाल्या कोडेकचं तेव्हाचं परवाना शुल्क, मोठ्या वितरकाला वर्षाला सुमारे ५० लाख डॉलरपर्यंत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं ते भरलं असतं तरी फायरफॉक्सचा कोड घेऊन आपली आवृत्ती काढणाऱ्यांना तो परवाना लागू झाला नसता. मला इथे मोझिलाचीच बाजू पटते. २००९ मध्ये एचटीएमएल५ च्या मसुद्याचे संपादक इयन हिक्सन यांनी हात टेकले आणि प्रमाणकात कोडेकची जागा कोरी राहिली.

पानं बनवणाऱ्यांनी मग जुगाड केला. व्हिडिओ टॅगच्या पोटात ‘सोर्स’च्या दोन ओळी लिहायच्या, एक एच.२६४ वाल्या एमपी४ ची, एक थिओरावाल्या ओजीव्हीची. ब्राउझर वरून खाली वाचत येतो आणि जी फाइल झेपेल ती चालवतो. ॲपलचा सफारी पहिली उचलायचा, जून २००९ चा फायरफॉक्स ३.५ दुसरी. एकच फीत दोनदा आवळायची आणि सर्व्हरवर दोनदा ठेवायची!

२०१० च्या सुरुवातीला गूगलनं ऑन२ कंपनीच विकत घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिचा व्हीपी८ वेबएम या फॉरमॅटमधून खुला केला. आपल्या क्रोम ब्राउझरमधून एच.२६४ काढून टाकू, असं जानेवारी २०११ मध्ये जाहीरही केलं. काढलं मात्र कधीच नाही. पुढे एच.२६४ पुढे मोझिलालाही नमतं घ्यावं लागलं. २०१३ मध्ये सिस्कोनं स्वतः शुल्क भरून एच.२६४ चा तयार कोडेक सर्वांना मोफत देऊ केला. तत्त्वाला चिकटून राहिले ते विकिपीडियाची चित्रं आणि फिती साठवणारे विकिमीडिया कॉमन्सवाले. २०१४ मध्ये तिथल्या सदस्यांनी चर्चा करून एमपी४ नाकारला. मराठी विकिपीडियावरच्या लेखासाठी मोबाइलवर घेतलेली एमपी४ फीत वेबएममध्ये बदलून घ्यावी लागते, त्याचं मूळ या निर्णयात आहे.

तत्त्वानं जे जमलं नाही ते शेवटी बिलांनी केलं. एच.२६४ च्या जागी आलेल्या एचईव्हीसीसाठी पेटंटवाल्यांचे एकाहून अधिक गट वसुलीला उभे राहिले, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्याही खिशाला चटका बसला. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स एकत्र आले. मार्च २०१८ मध्ये त्यांनी एव्ही१ हा खुला कोडेक जाहीर केला. त्यात ऑन२ च्या वंशातला गूगलचा व्हीपी१० होता, सिस्कोचा थॉर होता आणि झिफ-मोझिलाचा डाला होता. डालावर काम करणारे टिमोथी टेरीबेरी आधी थिओरावर राबले होते; म्हणजे व्हीपी३ पासून फुटलेल्या दोन शाखांचा असा सोयरसंबंध जुळला. तरी वर्षभरात सिस्वेल या कंपनीनं एव्ही१ वरही पेटंटवसुलीचा गट जाहीर केलाच. ॲपलनं २०२३ च्या आयफोन १५ प्रोच्या चिपमध्ये एव्ही१ साठी खास सोय केली. पुढच्याच वर्षी क्रोमनं थिओरा काढून टाकला: वापर नगण्य, आणि जुन्या कोडमधून सुरक्षेला धोका. जुन्या ओजीव्ही फिती पाहायच्या असतील तर जावास्क्रिप्टमधला डिकोडर पानासोबत पाठवावा लागतो. एचटीएमएलच्या प्रमाणकात कोडेकची जागा अजून कोरीच आहे.